हवामानाची पदवी : खर्च किती, पदरात काय?

बारावीचा निकाल लागला की आमच्या मुधोळात दोन प्रकारचे पालक घरी येतात. काही इंजिनिअरिंगच्या फीचा आकडा घेऊन येतात, काही मुलांचा हट्ट घेऊन. यंदा आलेले अण्णा दुसऱ्या प्रकारचे. सोयाबीन-कापसाचे घर, चुलीपाशी कन्नड, ओट्यावर मराठी, कचेरीत तेलुगू. मुलीला हवामानशास्त्र शिकायचे होते. अण्णांनी तोंड उघडण्याआधीच अक्कांनी विचारले, "सर, नम्म हुडुगी अष्टु दूर होगबेका?" आमच्या पोरीला इतक्या लांब जायलाच हवे का?

हवामानाला कन्नडातही हवामानच म्हणतात, त्यामुळे विषय समजावण्याची गरज नव्हती. पण त्यात पोट कसे भरते, हे दोन्ही भाषांत कुणाला ठाऊक नव्हते. मुलीचे वेड जुलै २०२२ पासूनचे. तेव्हा आपल्याच निर्मल जिल्ह्यातल्या (२०१६ पर्यंत आपण आदिलाबादेत होतो) कडेम धरणात क्षमतेबाहेर पाणी आले, खालची गावे हलवावी लागली. पाऊस एवढा येणार हे आधी कसे कळते, असे ती तेव्हापासून विचारत होती.

मी भूगोलाचा माणूस, म्हणून आधी आमच्याच विषयाचा गैरसमज सांगतो. बी.ए. भूगोल करून हवामान खात्यात जाईन म्हणणारी मुले दरवर्षी भेटतात. तो रस्ता जवळजवळ बंद आहे. तिथे भौतिकशास्त्र आणि गणित लागते. उलट, 'हवामानशास्त्र' हे नाव पदवीवर असलेच पाहिजे असे मात्र नाही! भारतीय हवामान खात्याच्या वैज्ञानिक सहायक पदासाठी कर्मचारी निवड आयोगाने २०२२ मध्ये भरती केली, तेव्हा भौतिकशास्त्र असलेली बी.एस्सी. प्रथम वर्गात पुरेशी होती. संगणकाची पदवी किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमाही चालत होता. हवाई दलाच्या हवामान शाखेतही पदवीला गणित-भौतिकशास्त्र असेल तर इतर अनेक विषयांचे एम.एस्सी. चालते. पुण्यात १९४८ मध्ये खात्यात रुजू होऊन हवामानाची उपकरणे देशात बनवायला लावणाऱ्या अन्ना मणी मूळच्या भौतिकशास्त्राच्याच, बंगळुरात रामन यांच्या प्रयोगशाळेत घडलेल्या.

म्हणून अण्णांना म्हटले, पहिली तीन वर्षे नावासाठी पैसे मोजू नका. निर्मल, निजामाबाद, नांदेड, जिथे घरून किंवा नातेवाइकांकडून जाणे जमेल तिथे साधी बी.एस्सी. करू द्या. खरा खर्च नंतरच्या दोन वर्षांचा. एम.एस्सी. पुणे विद्यापीठात आहे, विशाखापट्टणमला आंध्र विद्यापीठात आहे, कोचीला आहे, आणि हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात सागर व वायुमंडल विज्ञान आहे. सरकारी विद्यापीठात फीपेक्षा खोली आणि खानावळच जड जाते. महिना दहा हजार धरले तरी दोन वर्षांचे दोन लाख चाळीस हजार. वसतिगृह मिळाले तर बरेच कमी.

सीमेवरच्या घरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपली भाषा मराठी असली तरी पुण्यात आपण परराज्यातले. तेलंगणाचा जातीचा दाखला महाराष्ट्राच्या आरक्षणाला चालत नाही. म्हणून मी हैदराबाद वर ठेवले. अक्कांना तेही जवळ वाटले.

आता पदरात काय? वैज्ञानिक सहायकाचे मूळ वेतन ३५,४०० रुपये, वर भत्ते. बदली देशात कुठेही, पाळ्या रात्रीच्याही. पण भरती रोज निघत नाही. २०१७ मध्ये ११०२ जागा निघाल्या, त्यानंतरची मोठी भरती थेट २०२२ मध्ये, ९९० जागांची. मधली पाच वर्षे ज्याची वयोमर्यादा संपली त्याने काय करायचे? संशोधनाकडे वळले तर नेट उत्तीर्ण झाल्यावर मिळणारी कनिष्ठ संशोधन वृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेसारख्या ठिकाणी पीएच.डी. करणारे त्यावर घर चालवतात. मात्र तोवर वय अठ्ठावीस-तीस होते.

कंत्राटी नोकरीबद्दल मी जरा कडवट बोललो. जिल्हा कृषी हवामान केंद्रांत शेतकऱ्यांना सल्ला देणारी चांगली शिकलेली मुले होती. २०२४ च्या सुरुवातीला अशी १९९ केंद्रे बंद झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्राने दोन हजार कोटींचे 'मिशन मौसम' मंजूर केले. पैसा रडारला आणि संगणकाला मिळतो, माणसाला मिळेलच असे नाही. त्यामुळे मुलीला मी अट घातली : बी.एस्सी.पासूनच संगणकाचे प्रोग्रामिंग आणि संख्याशास्त्र पक्के कर. आजचा अंदाज त्यावरच उभा आहे, आणि हवामान खात्याने नाकारले तरी विमा कंपनी किंवा बँक त्या कामाला घेते.

अण्णांनी वहीत आकडे मांडले. दोन एकर गहाण टाकावे लागेल का, एवढेच त्यांना पाहायचे होते. तसे लागत नव्हते. गहाण टाकून जर हे शिकायचे असते, तर मी स्पष्ट नको म्हटले असते.

मुलीने निजामाबादला बी.एस्सी.चा अर्ज भरला आहे. अक्का अजून बदलीवरच अडून बसल्या आहेत. "अंदमानला टाकलं तर?" असे परवा बाजारात विचारत होत्या. तिथेही खात्याचे केंद्र आहे, हे मी त्यांना सांगितलेले नाही.