सागरी मत्स्यटाकीतील श्वेतठिपका रोग आणि विलगीकरण टाकीतील उपचार : एक विवेचन

बीजसंज्ञा : सागरी मत्स्यटाकी, विलगीकरण, परजीवी, जीवनचक्र, ताम्रोपचार, क्षारता.

प्रस्तावना :

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांनी रंगीत सागरी मासे काचेआडून पाहिले. पुढे कृत्रिम सागरी मीठ व गाळणयंत्रे सहज उपलब्ध होऊ लागल्याने खाऱ्या पाण्याची टाकी हा घरगुती छंदाचा तसाच प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेचाही भाग होऊ शकला. मात्र गोड्या पाण्यातील शोभेचे मासे बहुतांशी मत्स्यशेतीतून येतात, तर सागरी शोभेच्या माशांपैकी बहुतेक आजही प्रवाळभित्तींवरून पकडून आणले जातात. टाकीत दगावलेल्या माशाची जागा भरण्यासाठी समुद्रातून आणखी एक मासा काढला जातो. म्हणूनच आजारी माशावरील उपचार हा केवळ छंदाचा प्रश्न राहत नाही.

मध्ययुगीन व्हेनिसमध्ये साथीच्या काळात बंदरात येणाऱ्या जहाजांना चाळीस दिवस वेगळे ठेवले जाई. त्या चाळीस दिवसांवरूनच ‘क्वारंटाइन’ हा शब्द रूढ झाला. २०२० च्या कोविड साथीत ‘विलगीकरण’ हा त्याचा मराठी पर्याय सर्वपरिचित झाला. व्हेनिसच्या चाळीस दिवसांमागे रोगजंतूंचे ज्ञान नव्हते. माशांच्या बाबतीत मात्र हा कालावधी परजीवीच्या जीवनचक्रावरून ठरविता येतो. प्रस्तुत लेखात त्याचेच विवेचन केले आहे.

उद्दिष्टे :

१. श्वेतठिपका रोगकारक परजीवीचे जीवनचक्र समजून घेणे.
२. स्वतंत्र विलगीकरण टाकीची आवश्यकता व मांडणी स्पष्ट करणे.
३. प्रमुख उपचारपद्धती व त्यांच्या मर्यादा यांचा आढावा घेणे.

रोगाचे स्वरूप व परजीवीचे जीवनचक्र :

सागरी माशांच्या अंगावर व परांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसणे, मासा खडकाला अंग घासणे, श्वासोच्छ्वास जलद होणे व अन्नावरील वासना उडणे ही या रोगाची प्रमुख लक्षणे होत. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हा रोमक असलेला एकपेशीय जीव त्यास कारणीभूत असतो. जपानमध्ये सिकामा यांनी १९३७ मध्ये या रोगाचे वर्णन केले, तर ब्राउन यांनी १९५१ मध्ये परजीवीला आजचे नाव दिले.

या परजीवीच्या तीन अवस्था महत्त्वाच्या आहेत. पहिली ट्रोफॉन्ट अवस्था माशाच्या त्वचेत व कल्ल्यांत रुतून सुमारे ३ ते ७ दिवस पोसली जाते. डोळ्यांना दिसणारा ठिपका तो हाच. पूर्ण वाढ झाल्यावर परजीवी माशाला सोडून तळाशी जातो व स्वतःभोवती कोष तयार करतो. ही टोमॉन्ट अवस्था होय. कोषात वारंवार विभाजन होऊन शंभरांहून अधिक पिल्ले तयार होऊ शकतात. ही पोहणारी पिल्ले म्हणजे थेरॉन्ट. त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. कोष साधारणतः ३ ते २८ दिवसांत फुटतात. तथापि ७२ दिवसांनीही पिल्ले बाहेर पडल्याची नोंद आहे.

या जीवनचक्रातच उपचारातील सर्वांत मोठ्या फसगतीचे कारण दडलेले आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी माशाच्या अंगावरील ठिपके नाहीसे होतात आणि मासा बरा झाला असे वाटते. प्रत्यक्षात परजीवी केवळ मासा सोडून तळाशी गेलेला असतो. काही दिवसांनी तो कित्येक पटींनी वाढलेल्या संख्येने परततो आणि या वेळी कल्ले निकामी होऊन मासा गुदमरून मरू शकतो. ठिपके जाणे हे रोगमुक्तीचे लक्षण नव्हे.

स्वतंत्र टाकीची आवश्यकता :

या रोगावर तांब्याचे क्षार प्रभावी ठरतात. परंतु कोळंबी, शंख, समुद्रफूल आदी अपृष्ठवंशी जीवांना तांबे घातक असते. शिवाय चुनखडीयुक्त खडक व वाळू तांबे शोषून घेतात, त्यामुळे पाण्यातील मात्रा स्थिर राहत नाही. म्हणून सर्व माशांना बाहेर काढून स्वतंत्र टाकीत उपचार करणे हाच सुरक्षित मार्ग होय. एकाच माशावर ठिपके दिसत असले तरी इतरांच्या कल्ल्यांत परजीवी असू शकतो. म्हणून ‘सर्व मासे’ ही अट महत्त्वाची आहे.

विलगीकरण टाकीची मांडणी :

ही टाकी शोभेची नसून रुग्णालयासारखी असावी. तळ उघडा ठेवावा, म्हणजे स्वच्छता सुलभ होते. लपण्यासाठी पीव्हीसी पाइपचे तुकडे पुरतात. हवापंपावर चालणारी स्पंजची गाळणी, हीटर, तापमापी आणि क्षारता, अमोनिया व तांबे मोजण्याची साधने आवश्यक आहेत. जाळी व बादल्या वेगळ्या असाव्यात. औषध शोषून घेणारा सक्रिय कोळसा गाळणीतून काढून टाकावा.

नव्या टाकीत परजीवीइतकाच घातक ठरतो तो अमोनिया. माशांच्या उत्सर्जनातून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू तेथे नसतात आणि सागरी पाण्याच्या अल्कधर्मी स्वरूपामुळे अमोनियाचा विषारीपणा वाढतो. यासाठी एक स्पंज काही आठवडे आधीपासून निरोगी मुख्य टाकीत ठेवावा, अन्न मोजके द्यावे व पाणी वेळोवेळी बदलावे. बदललेल्या पाण्यात औषधाची मात्रा हिशेबाने पुन्हा घालावी.

उपचारपद्धती :

अ) ताम्रोपचार : मुक्त ताम्र आयनांची मात्रा ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम प्रतिलिटर इतकी राखावी लागते. त्याहून कमी मात्रा निष्फळ, तर अधिक मात्रा माशाला विषारी ठरते. ही मात्रा दोन-तीन दिवसांत हळूहळू गाठावी व दररोज मोजावी. तांबे केवळ पोहणाऱ्या थेरॉन्टना मारते. त्वचेतील वा कोषातील अवस्थांवर त्याचा परिणाम होत नाही. म्हणूनच उपचार ३ ते ६ आठवडे अखंड चालू ठेवावा लागतो. बद्ध स्वरूपातील ताम्र औषधांची मात्रा वेगळी असल्याने त्यांच्या वेष्टनावरील सूचनाच पाळाव्यात. शार्क व पाकट यांना तांबे सोसत नाही.

आ) अल्पक्षारता : समुद्राच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. अस्थिमय सागरी माशाच्या रक्ताची क्षारता त्याच्या सुमारे एक-तृतीयांश असते. त्यामुळे १६ ग्रॅम वा त्याहून किंचित कमी क्षारता बहुतेक मासे सहन करतात, परजीवीला मात्र ती मानवत नाही. क्षारता टप्प्याटप्प्याने कमी करावी आणि वाढविताना अधिकच सावकाश जावे. परजीवीचे काही वाण कमी क्षारतेतही तग धरतात, ही या पद्धतीची मर्यादा होय.

इ) टाकीबदल : या पद्धतीत औषध लागत नाही. दर ३ दिवसांनी, असे ४ वेळा, माशाला स्वच्छ केलेल्या व पूर्ण वाळविलेल्या टाकीत हलवितात. माशावरून गळालेले कोष फुटण्यापूर्वीच मासा दुसरीकडे गेलेला असतो. १२ दिवसांत अंगावरील सर्व परजीवी गळून पडतात आणि पुनर्लागण होत नाही.

निदानाची दक्षता :

प्रत्येक पांढरा ठिपका याच रोगाचा नसतो. अमायलूडिनियम या परजीवीमुळे अंगावर बारीक भुकटी पसरल्यासारखी दिसते व मासे अल्पावधीत मरतात. त्यावर तांबे उपयोगी पडते, अल्पक्षारता नाही. क्लाउनफिशमध्ये आढळणाऱ्या ब्रुकलिनेलावर तांबे निष्प्रभ ठरते, तेथे फॉर्मेलिन वापरतात. फुलकोबीसारख्या गाठी विषाणुजन्य लिम्फोसिस्टिसच्या असू शकतात व त्यांना तांब्याची गरज नसते. शक्य तेथे त्वचेचा वा कल्ल्याचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. प्राणिशास्त्र विभागात हे सहज शक्य आहे. निदानाविना प्रतिजैविके वापरणे टाळावे.

मुख्य टाकीचे रिकामेपण :

मासे बरे होत असताना मुख्य टाकीत कोष शिल्लक असतातच. अपृष्ठवंशी जीवांवर हा परजीवी पोसला जात नाही. त्यामुळे ते तेथेच राहू शकतात. मासा मात्र एकही नसावा. ७२ दिवसांची नोंद लक्षात घेता मुख्य टाकी सुमारे अडीच महिने मासेरहित ठेवणे श्रेयस्कर ठरते. तीन आठवड्यांत बरा झालेला मासा घाईने परत सोडल्यास सर्व श्रम वाया जाण्याचा धोका असतो.

निष्कर्ष :

१. उपचाराचा कालावधी लक्षणांवरून नव्हे, तर परजीवीच्या जीवनचक्रावरून ठरवावा.
२. औषधाची अचूक मात्रा व अमोनियाचे नियंत्रण यांना सारखेच महत्त्व द्यावे.
३. नवीन आणलेला प्रत्येक मासा मुख्य टाकीत सोडण्यापूर्वी किमान चार आठवडे वेगळा ठेवावा. आजारानंतर करावयाच्या विलगीकरणापेक्षा आजारापूर्वीचे विलगीकरण अल्पखर्चिक असते.

प्रवाळभित्तीवरून आणलेल्या माशाचे आयुष्य अखेर पाळणाऱ्याच्या संयमावर अवलंबून असते. डोळ्यांना ठिपके दिसेनासे झाल्यानंतरचे आठवडे हीच त्या संयमाची खरी कसोटी होय.