उंदीर कळ किती वेळा दाबेल?

मेंदूला उत्तेजित करणाऱ्या औषधाचे व्यसन लागेल का, हे माणसांपर्यंत ते पोहोचण्याआधीच तपासावे लागते. उंदराला विचारता येत नाही. पण तो त्यासाठी किती राबतो, हे मोजता येते.

उंदराच्या मानेतील शिरेत बारीक नळी बसवतात. पिंजऱ्यातली कळ दाबली की कोकेनची ठरावीक मात्रा थेट रक्तात जाते. मग किंमत चढवत नेतात: पहिल्या मात्रेसाठी एकदा कळ दाबायची, पुढे २, ४, ६, ९, १२, १५, २० वेळा. उंदीर जिथे नाद सोडतो, तो ‘ब्रेकपॉइंट’. तो जितका वर, तितकी ओढ मोठी. चढत्या किमतीची ही पद्धत विल्यम होडॉस यांनी १९६१ मध्ये मांडली. तेव्हा बक्षीस होते गोड दूध.

इथे एक मेख आहे. उत्तेजकाने उंदीर मुळातच चळवळ्या होतो. म्हणून औषध न देणारी दुसरी कळही ठेवतात. दोन्ही सारख्याच दाबल्या गेल्या, तर ती ओढ मानत नाहीत.

एडीएचडी या अवधानाच्या विकारावरचे मिथाइलफेनिडेट हे उत्तेजकही प्राणी असे कळ दाबून शिरेतून घेतात. गोळीतून मात्र ते मेंदूत सावकाश पोहोचते, त्यामुळे योग्य मात्रेत धोका कमी असतो. म्हणून असे औषध डॉक्टरांनी सांगितले तेवढेच घ्या आणि दुसऱ्याला कधीही देऊ नका.