पवारांच्या मुलुखातील पाणी

मांडवगडावर नदी नाही. विंध्याच्या कड्यावरील त्या विस्तीर्ण गडावर माळव्याच्या सुलतानांची राजधानी नांदली ती मुख्यतः पावसाच्या साठविलेल्या पाण्यावर. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्यामध्ये जहाज महाल उभा राहिला, त्याच्या गच्चीवर पाण्याचा वेग मंदावणाऱ्या चक्राकार पन्हळी कोरल्या गेल्या, आणि रेवाकुंड, चंपा बावडी, उजाली व अंधेरी बावडी यांचा असा बंदोबस्त झाला की आकाशातून पडलेल्या थेंबाची गडावर जणू नोंद ठेवली जावी.

याच मुलुखात पुढे मराठा सरदार पवारांनी धारची गादी आणि देवासच्या थोरल्या व धाकट्या पात्या स्थापिल्या, आणि त्यांच्या दरबाराबरोबर मराठी भाषा माळव्यात रुजली. पावलोपावली पाणी असलेली भूमी अशी माळव्याची ख्याती. परंतु १९९० च्या एप्रिल महिन्यात इंदूरहून पाण्याचे पन्नास टँकर घेऊन आगगाडी देवासच्या स्थानकात आली, तेव्हा त्या ख्यातीचा पाया किती खचला होता हे सर्वांना दिसले. शहरातील लहान तलाव बुजवून त्यांवर घरे व कारखाने उभे राहिले होते, आणि भोवतालच्या शिवारांत विंधणविहिरींची चढाओढ लागली होती. माळव्याच्या काळ्या पाषाणात पाणी राहते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. तो साठा उपसून अधिक खोल जाणे म्हणजे मिळकत न वाढविता मुद्दल खर्ची घालणेच होय.

धारची कहाणी याहून करुण आहे. तेथील आदिवासी गावांत माणसे पायऱ्यांच्या बावडीत उतरून पाणी भरीत. नारू झालेल्याच्या पायाचा फोड पाण्याला लागला की त्यातील कृमीची पिले पाण्यात सुटत, सूक्ष्म जलकीटकांच्या पोटात वाढत, आणि ते पाणी पिणाऱ्याला वर्षभराने तीच व्याधी जडे. या पीडेवर पाणी फडक्याने गाळणे आणि हातपंप बसविणे हे उपाय योजले गेले. जालना व सोलापूर येथे घडलेल्या पंपांवरूनच पुढे ‘इंडिया मार्क दोन’ हा मजबूत पंप सिद्ध झाला, ही मराठी वाचकाला अभिमानाची गोष्ट आहे. नारूचा भारतातील अखेरचा रुग्ण १९९६ साली आढळला, आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला.

परंतु कित्येक ठिकाणी या हातपंपांनी उपसलेले खोल विंधणविहिरीचे पाणी खडकातील फ्लोराइड घेऊन वर आले. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटेल तसे त्याचे प्रमाण वाढते. लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर मुलांचे दात डागाळतात, आणि प्रमाण फार असेल तर हाडे वाकून सांधे आखडतात. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तुरटी, चुना व ब्लीचिंग पावडर यांच्या साह्याने फ्लोराइड काढण्याची ‘नालगोंडा पद्धत’ शोधली. पुढे हीच संस्था आणि युनिसेफ यांनी धार व झाबुआ जिल्ह्यांत फ्लोराइडविरोधी एकत्रित कार्यही केले. पाण्याची तपासणी करावी, दूषित पंप ओळखावेत, उथळ विहीर बांधून झाकून निर्धोक करावी, आणि आहारात कॅल्शियम व जीवनसत्त्व ‘क’ वाढवावे, अशी ही चतुर्विध तजवीज आहे.

देवासने मात्र आपला मार्ग आपणच शोधला. २००६ साली जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने ‘भगीरथ कृषक अभियान’ सुरू झाले. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही हिस्सा तळ्यासाठी द्यावा, असे आवाहन झाले. त्या तळ्याला ‘रेवासागर’ आणि ते खोदणाऱ्याला ‘भगीरथ कृषक’ असे नाव मिळाले. टोंक कलाँसारख्या गावांनी वाट दाखविली आणि जिल्ह्यात हजारो तळी झाली. ही तळी प्रामुख्याने सिंचनाची; परंतु पिकाची तहान तळ्यावर भागली की भूगर्भावरील ओढ कमी होते, आणि घागरीसाठी पाणी उरते.

आता २०१९ पासूनचे जलजीवन मिशन घरोघरी नळाने माणशी दररोज ५५ लिटर पाणी देऊ पाहते. हा संकल्प स्तुत्य आहे. परंतु नळाचे आयुष्य त्याच्या उगमाहून अधिक असत नाही. गावाला परवडणारे पाणी म्हणजे केवळ स्वस्त पाणी नव्हे. ज्याचा उगम गाव भरू शकते, ज्याचा पंप गावातील हात दुरुस्त करू शकतात आणि ज्याची तपासणी गावातील स्त्रिया स्वतः करू शकतात, तेच पाणी खरे परवडते. म्हणून वाचकांना एकच विनंती: आपल्या गावी गेलात की नळाला पाणी येते का एवढेच विचारून थांबू नका, ते कोठून येते, शेवटचे केव्हा तपासले, आणि या पावसाळ्यात त्या उगमात किती परत घातले, हेही विचारा.