पाट कोठे फुटला?

विहिरीवर मोटार चालू आहे, तिचा आवाज बांधावर ऐकू येतो आहे, आणि तरीही शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोहोचत नाही, असा प्रसंग तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. अशा वेळी जाणता शेतकरी काय करतो? तो मोटारीला दोष देत बसत नाही, किंवा फावडे घेऊन दिसेल तेथे खणावयासही लागत नाही. तो विहिरीपासून निघतो आणि पाटाच्या कडेकडेने चालू लागतो. जेथवर पाट ओला, तेथवर सर्व ठीक. जेथून तो कोरडा लागतो, तेथेच कोठेतरी उंदराने बीळ केलेले असते, नाहीतर बांध फुटलेला असतो.

आमच्या शाळेतील एक जुने नेटबुक दुरुस्त करताना मला ही गोष्ट वारंवार आठवली. थोडी उशिरा आठवली, हेही कबूल केले पाहिजे.

आमचे गाव जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात आहे. जायकवाडीचा डावा कालवा या तालुक्यातून जातो. परंतु आमचे शिवार चढावर असल्याने त्याचे पाणी आम्हांस मिळत नाही. सारी भिस्त विहिरींवर. म्हणून शाळेत एक प्रघात पडला होता. पर्जन्यमापकातील पाऊस रोज सकाळी मोजावयाचा, आणि दर शनिवारी चार विहिरींत दोरी सोडून पाणी किती खोल गेले ते टिपावयाचे. २००९ साली पुण्यास नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने शाळेला नेटबुक भेट दिले, तेव्हापासून या नोंदी त्यात भरल्या जाऊ लागल्या. २०१२ साली पावसाने पाठ फिरविली. त्या दुष्काळाची सर्वांत अधिक झळ ज्या जिल्ह्यांना बसली, त्यांत जालना जिल्हा होता. त्याही वर्षी मुलांनी शनिवार चुकविला नाही.

पुढे २०१६ साली हा प्रघात मोडला आणि नेटबुक कपाटात गेले. कागदी वह्यांना वाळवी लागली. मग २०२४ साली गावाने पाण्याचा ताळेबंद मांडावयाचे ठरविले, आणि ग्रामसभेत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारले, “शाळेतल्या पोरांनी विहिरी मोजल्या होत्या, ते आकडे कुठं आहेत?” ते आकडे त्या नेटबुकात होते, आणि अन्यत्र कोठेही नव्हते.

नेटबुक म्हणजे लहान, स्वस्त व हलका संगणक. २००७ साली तैवानच्या असूस कंपनीने सात इंच पडद्याचा ‘ई पीसी’ बाजारात आणला, आणि पाहता पाहता अशा यंत्रांची लाट आली. त्याच वर्षी आपल्या रायगड जिल्ह्यातील खैरात गावच्या शाळेत मुलांसाठी मुद्दाम बनविलेले छोटे संगणक प्रयोगादाखल देण्यात आले होते. आमच्या नेटबुकाचा पडदा दहा इंचांचा, स्मरणशक्ती एक गिगाबाइटची, आणि प्रोसेसर २००८ साली निघालेला इंटेलचा अ‍ॅटम एन-२७०. त्यात विंडोज एक्सपी ही प्रणाली होती. तिची निगा राखणे मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविले. आता ते यंत्र सुरू होई, पण नोंदी उघडण्यापूर्वीच गोठून बसे. तेव्हा जुनी प्रणाली काढून नवी, मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली बसवावी, असे मी ठरविले.

सातवीतील एका मुलीने विचारले, “सर, आधी त्यातल्या नोंदी दुसरीकडे उतरवून घ्यायच्या नाहीत का?”

“नोंदी कोठे जातात?” असे म्हणून मी पेनड्राइव्ह लावला. मला त्या वेळी घाई होती.

पुढे काय झाले ते समजण्यासाठी, संगणक सुरू होताना त्याच्या पोटात काय घडते ते थोडे पाहिले पाहिजे. बटण दाबताच प्रथम जागा होतो तो बायॉस. हा यंत्राच्या पाटीवरील एका चिपमध्ये साठवून ठेवलेला छोटासा कार्यक्रम आहे. तो कळफलक, पडदा, स्मरणशक्ती यांची हजेरी घेतो, आणि पुढची सूत्रे कोणाकडे द्यावयाची ते ठरवितो. हार्ड डिस्ककडे, की पेनड्राइव्हकडे. तेथे सुरुवातीलाच बूटलोडर नावाचा एक वाटाड्या बसलेला असतो. वाटाड्या प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, शोधून स्मरणात आणतो. गाभा जागा झाला की तो बाकीचा संसार उभा करतो, आणि मग कोठे आपल्यासमोर चित्रे व खिडक्या दिसू लागतात. विहीर, पाट, दंड, वाफा असाच हा क्रम आहे. आधीचा टप्पा ओला झाल्याखेरीज पुढचा ओला होत नाही.

पहिल्या खेपेस पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी उमटल्या. त्यांचा अर्थ असा: या गाभ्यास ६४ बिटांचा प्रोसेसर हवा, येथे ३२ बिटांचा सापडला, सुरू करता येत नाही. पुष्कळ लोक अशा ओळी न वाचताच बटण पुन्हा दाबतात. वस्तुतः ही ओळ म्हणजे यंत्राने दिलेला स्पष्ट जबाब असतो. बायॉस ठीक, पेनड्राइव्ह ठीक, वाटाड्याही ठीक; पाट गाभ्यापाशी फुटला, एवढे त्या ओळीने सांगितले.

३२ आणि ६४ बिट हे काय प्रकरण आहे? संगणकाच्या स्मरणातील प्रत्येक घराला क्रमांक असतो, आणि तो ० व १ या दोनच अंकांनी लिहितात. क्रमांकाला ३२ जागा दिल्या तर ४,२९,४९,६७,२९६ घरे मोजता येतात. म्हणजे चार गिगाबाइट. ६४ जागा दिल्या तर याहून कितीतरी पट अधिक. ६४ बिटांच्या प्रोसेसरला ३२ बिटांच्या आज्ञाही कळतात. परंतु ३२ बिटांच्या प्रोसेसरला ६४ बिटांची भाषा मुळीच कळत नाही. गंमत अशी, की २०१० साली आलेल्या अ‍ॅटम एन-४५० ला ६४ बिट समजत होते. म्हणजे बाहेरून जुळ्या भावंडांसारखी दिसणारी दोन नेटबुके आतून निराळी असू शकतात. हळूहळू ३२ बिटांच्या यंत्रांची वाट अरुंद होत गेली. उबंटू या लिनक्सच्या प्रसिद्ध प्रकाराने त्यांच्यासाठी डेस्कटॉपची बसविण्याची फाइल देणे २०१७ सालीच बंद केले. डेबियनच्या २०२३ सालच्या बाराव्या आवृत्तीत ती सोय होती. २०२५ सालच्या तेराव्या आवृत्तीत ती राहिली नाही.

आम्ही डेबियनची बारावी आवृत्ती उतरवून घेतली. या वेळी यंत्र सुरू झाले, प्रश्न विचारू लागले, हार्ड डिस्कची नव्याने आखणी झाली, आणि मूळ प्रणाली उतरू लागली तोच मध्येच थांबून म्हणाले, ‘फाइल वाचता येत नाही’. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेथेच थांबले. यंत्र बंद करून सुरू केले. आता जुनी प्रणाली नाहीशी झाली होती आणि नवी बसली नव्हती. काळ्या पडद्यावर एकच ओळ: सुरू करण्याजोगे काही सापडले नाही.

वर्गात कोणी काही बोलले नाही. ती मुलगीही बोलली नाही, हे मला अधिक लागले.

येथे मात्र मी हात आवरला. आतापर्यंत केले ते एकवेळ भरून निघाले असते; पण यापुढे त्या डिस्कवर जे जे नवे लिहिले जाणार, ते जुन्या नोंदींच्या उरावर लिहिले जाणार होते. हार्ड डिस्क ही मोठ्या ग्रंथासारखी असते. नवी आखणी करताना बहुधा अनुक्रमणिकेचे पान फाडले जाते. आतील सर्व पाने लगेच पुसली जात नाहीत. ज्या पानांवर नवा मजकूर पडतो ती मात्र कायमची जातात. म्हणून नेटबुकाच्या तळाचे स्क्रू काढून डिस्क बाहेर काढली, ती एका डबीत बसवून केबलने दुसऱ्या संगणकास जोडली, आणि फोटोरेक नावाच्या मोफत कार्यक्रमाकडून तिची झडती घेतली. हा कार्यक्रम अनुक्रमणिका पाहतच नाही. प्रत्येक प्रकारच्या फाइलच्या आरंभी ठराविक खुणेचे अंक असतात. ती खूण शोधत तो पानामागून पान उलटतो. सापडलेल्या फाइली त्याच डिस्कवर कधीही ठेवू नयेत, नाहीतर एका हाताने वाचवावयाचे आणि दुसऱ्या हाताने पुसावयाचे असा प्रकार होतो. आम्ही त्या दुसऱ्या संगणकात ठेवल्या. शेकडो फाइली मिळाल्या; परंतु नावे अनुक्रमणिकेबरोबर गेली होती. एकेका फाइलला नाव म्हणून नुसता एक लांबलचक आकडा.

त्या तशाच ठेवून आम्ही पुन्हा पाटाच्या कडेने चालू लागलो. मध्येच फाइल वाचता का आली नाही? एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, असे आता ठरले होते. पेनड्राइव्ह बदलला, कार्यक्रम तोच ठेवला. यंत्र त्याच जागी अडले. म्हणजे दोष पेनड्राइव्हचा नव्हे, उतरवून घेतलेल्या फाइलचाच असावा.

हे आधीच कळले असते. गणितात आपण ताळा पाहतो ना? ४७ गुणिले २६ बरोबर १२२२. आता ४७ मधील अंकांची बेरीज ११, पुन्हा बेरीज २. २६ मधील अंकांची ८. दोन आठे सोळा, आणि सोळाचे अंक मिळवून ७. इकडे १२२२ च्या अंकांची बेरीजही ७. ताळा जमला. उत्तर चुकून १२२३ लिहिले असते तर ८ आले असते आणि चूक पकडली गेली असती. पण कोणी २१२२ लिहिले तर? बेरीज ७ च येते, आणि हा ताळा फसतो. संगणकाच्या फाइलसाठी याहून फार कडक ताळा असतो. त्याचे नाव शा-२५६. कितीही मोठी फाइल असो, तिच्यापासून तो ६४ चिन्हांची एक खूण काढतो, आणि फाइलमधील एक बिट जरी पालटला तरी ती खूण ओळखू न येण्याइतकी बदलते. डेबियनची मंडळी मूळ फाइलची खूण सोबत प्रसिद्ध करतात. आम्ही आमच्या फाइलची खूण काढली आणि दोघा मुलांनी एकेक चिन्ह मोठ्याने वाचून ती ताडून पाहिली. तिसऱ्याच चिन्हावर दोघे थांबले. उतरवून घेताना आमची जोडणी दोनदा तुटली होती, त्याचे हे फळ.

नव्याने उतरविलेल्या फाइलचा ताळा जमला. नेटबुकाची बॅटरी मेलेली असल्याने, मध्येच वीज गेली तर पुन्हा तोच प्रसंग यावयाचा; म्हणून शाळेच्या इन्व्हर्टरवर यंत्र जोडून तिसरी खेप सुरू केली. स्मरणशक्ती थोडी असल्याने चित्रांऐवजी साध्या अक्षरांचा मार्ग निवडला आणि हलका डेस्कटॉप घेतला. या पडद्याची उंची अवघी ६०० ठिपके आहे. काही कार्यक्रमांच्या खिडक्या त्याहून उंच असतात, आणि ‘पुढे’ हे बटण पडद्याच्या खाली दडून बसते. बटण नाहीच असे समजून लोक तासन्‌तास बसतात. ऑल्ट कळ दाबून खिडकी वर ओढली की ते सापडते.

प्रणाली बसली. मुलांनी टाळ्या वाजविल्या. पेनड्राइव्ह काढून यंत्र पुन्हा सुरू केले, तर पुन्हा काळा पडदा! पेनड्राइव्ह लावला की सुरू, काढला की बंद. याचे उत्तर मुलांनीच दिले. पाट जर पेनड्राइव्हपासून ओला होत असेल, तर वाटाड्या तेथेच बसला असला पाहिजे. तसेच होते. वाटाड्या कोठे बसवू, असे यंत्राने विचारले होते, आणि आम्ही यादीतील पहिली डिस्क दाखविली होती. या यंत्रात ती पहिली डिस्क म्हणजे पेनड्राइव्ह. एका आज्ञेने वाटाड्या हार्ड डिस्कवर नेऊन बसविला.

राहिली एक बारीक खोड. इंटरनेट जोडले तरी प्रत्येक ठिकाण ‘विश्वासार्ह नाही’ असे उत्तर मिळे. घड्याळ पाहिले तर यंत्राच्या मते साल २००८ होते. पाटीवरील घड्याळ चालविणारा बटणासारखा छोटा सेल संपला होता. इंटरनेटवरील ठिकाणांच्या ओळखपत्रांवर मुदतीच्या तारखा असतात, आणि २००८ सालात राहणाऱ्या यंत्राला २०२४ सालची ओळखपत्रे अजून सुरूच न झालेली दिसतात. सेल बदलला, तारीख लावली, आणि तक्रार मिटली.

मग त्याच नेटबुकात ती बिननावाची पाने उघडली. प्रत्येकीत तारीख होती, महिना होता. साल मात्र फाइलच्या नावात असे, आणि नाव तर गेलेले. सालाविना विहिरीचे आकडे काय कामाचे? तेव्हा त्या मुलीने फळ्यावर जुन्या वर्षांची दिनदर्शिका मांडली. विहिरी शनिवारीच मोजल्या जात. मग कोणत्या वर्षी कोणत्या तारखेला शनिवार होता, हे पाहिले की झाले. नोंदी २००९ च्या जूनपासून २०१६ च्या मेपर्यंतच्या. एका पानाची पहिली तारीख १६ जून होती. या सात वर्षांत १६ जूनला शनिवार एकदाच आला, २०१२ साली. दोन पानांनी तिला अडविले, कारण २००९ आणि २०१५ या वर्षांचे जूननंतरचे वार अगदी सारखे आहेत. पण २०१६ हे लीप वर्ष. मार्चमधील पहिला शनिवार २०१० साली ६ तारखेस, आणि २०१६ साली ५ तारखेस. तेवढ्यावरून तीही पाने सुटली.

सातांपैकी पाच वर्षे पुरी मिळाली. २०१३ सालचे पान अर्धेच निघाले आणि २०१० सालचे मुळीच सापडले नाही. ते माझ्या घाईत गेले. १६ जूनपासून सुरू होणारे पान तिने शेवटपर्यंत खाली सरकवीत नेले. चौथ्या विहिरीच्या रकान्यात फेब्रुवारीपासून आकडे संपले होते, आणि दर शनिवारी कोणीतरी एकच शब्द लिहिला होता: कोरडी. कोरडी. कोरडी. ती चौथी विहीर तिच्याच चुलत्याची होती. तिने पानाला नाव दिले, ‘विहिरी २०१२-१३’, आणि मला न विचारता त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर उतरवून घेतली.