ज्वारीच्या शेतातील ऊर्जेचा हिशेब

संक्रांतीच्या सुट्टीत गावी गेले, तेव्हा ज्वारी हुरड्याला आली होती. आई माळ्यावर उभी राहून गोफणीने पाखरे हाकीत होती. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे घरी गेले की, "काय शिकिवत्यात गं तिथं?" हा आईचा प्रश्न ठरलेला. नुकतेच भूगोलाच्या तासाला परिसंस्थेतील ऊर्जेविषयी शिकविले होते. तेच तिला समोरच्या शेतावरून समजावून सांगावे, असे मी ठरविले. तोच प्रयत्न येथे वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रत्येक सजीवाला जगण्यासाठी ऊर्जा लागते. आपल्या भोवतालच्या जीवसृष्टीला ती सूर्याकडून मिळते. पण ऊन खाऊन कोणाचे पोट भरत नाही. उन्हाचे अन्न करण्याची विद्या हिरव्या वनस्पतींना आणि शेवाळासारख्या काही जीवांनाच अवगत आहे. ज्वारीच्या पानातील हरितद्रव्य उन्हाच्या साहाय्याने हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी ओढलेले पाणी यांपासून साखर बनविते. उन्हातील ऊर्जा त्या साखरेत साठून राहते. म्हणून वनस्पतींना 'उत्पादक' म्हणतात. ज्वारीचे पान नाकतोडा खातो, नाकतोड्याला सरडा गिळतो आणि सरड्यावर शिक्रा झडप घालतो. हीच अन्नसाखळी होय.

आता प्रश्न असा की, या साखळीतून ऊर्जा किती पुढे जाते? रेमंड लिंडमन या तरुण अमेरिकन संशोधकाने मिनेसोटा राज्यातील सीडार बॉग नावाच्या लहानशा तळ्याचा अभ्यास करून असा हिशेब पायरीपायरीने मांडला. त्याचा निबंध परीक्षकांनी प्रथम नापसंत केला होता. तो १९४२ साली प्रसिद्ध झाला; परंतु त्याआधी काही महिने, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीच, लिंडमनचे निधन झाले होते. आज परिसंस्थेच्या अभ्यासात तो निबंध पायाभूत मानला जातो.

एका पायरीवरून पुढच्या पायरीवर ढोबळमानाने दहा टक्के ऊर्जा जाते, असे मानतात. कोठे ती पाच टक्के असते, तर कोठे वीस. ज्वारीने साठविलेली ऊर्जा १००० भाग धरली, तर नाकतोड्यांच्या अंगी त्यातील १०० भाग लागतात, सरड्यांच्या अंगी १० आणि शिक्र्याच्या वाट्याला येतो केवळ १ भाग! मग बाकीची ऊर्जा गेली कोठे? काही पाने खाल्लीच जात नाहीत. खाल्लेले सगळे पचत नाही. आणि जे पचते, त्यातील बरेचसे हालचालीत व श्वसनात खर्ची पडून उष्णतेच्या रूपाने हवेत निघून जाते. ऊर्जा नष्ट होत नाही हे खरे. पण ही विखुरलेली उष्णता गोळा करून तिचे पुन्हा अन्न बनविणे कोणत्याही पानाला साधत नाही.

हे सांगत असता आई मध्येच म्हणाली, "आगं, म्हशीला पेंढीभर कडबा घातला म्हणून पेंढीभर दूध येतं व्हय?" मी थक्क झाले. जे समजण्यासाठी मला तास न् तास वही भरावी लागली, ते तिला गोठ्यातच कळले होते.

येथे एक भेद मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. म्हशीचे शेण खत होऊन शेतात जाते. जिवाणू, बुरशी आणि गांडुळे त्याचे विघटन करतात व त्यातील नत्र, स्फुरद ही द्रव्ये पुन्हा ज्वारीच्या मुळांना मिळतात. द्रव्यांचे असे चक्र फिरत राहते. ऊर्जेचे तसे नाही. खत शेतात परत येते, ऊन परत येत नाही. ते रोज नवेच यावे लागते. म्हणूनच साखळी फार लांबत नाही. आणि म्हणूनच शेतात नाकतोडे असंख्य असले, तरी शिक्रा एखादाच दिसतो.

निसर्गात अशी एकच सरळ साखळी क्वचितच असते. चिमणी ज्वारीचे दाणे टिपते, पण पिलांना भरविण्यासाठी अळ्या व किडे वेचते. मग तिला कोणत्या पायरीवर बसवावे? अनेक साखळ्या एकमेकींत गुंतून अन्नजाळे तयार होते.

या जाळ्याचा एक धागा तुटला की काय होते, हे आपण पाहिले आहे. मेलेले जनावर गावाबाहेर टाकले की घटकाभरात गिधाडे उतरत, असे आजी सांगते. मी गावात एकही गिधाड पाहिलेले नाही. जनावरांना डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध दिले जाऊ लागले. असे औषध दिलेल्या मेल्या जनावराचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ साली उघडकीस आले. भारतात १९९० च्या दशकापासून पुढील १५ वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक घटली. २००६ साली जनावरांसाठी या औषधाच्या उत्पादनावर बंदी आली. पण मेलेल्या बैलाच्या अंगातील ऊर्जा गिधाडांसाठी थांबून राहिली नाही. ती भटक्या कुत्र्यांकडे वळली. कुत्री वाढली आणि त्यांच्याबरोबर पिसाळलेले कुत्रे चावण्याचे भयही वाढले.

सगळे ऐकून आईने विचारले, "मग ही पाखरं हाकू का नको?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्या वहीत नव्हते. पाखराने खाल्लेला दाणा आमच्या भाकरीतून कमी होतो. पण त्याच पाखराने वेचलेली अळी आमचे कणीस वाचविते. मी गप्प राहिलेली पाहून तीच म्हणाली, "हाकायचं. मारायचं न्हाई." आणि तिने गोफण पुन्हा फिरविली. परीक्षेत हा प्रश्न आलाच, तर लिंडमनच्या हिशेबाखाली आईचे हे उत्तरही लिहावे, असा माझा विचार आहे.