सळई, काळी जमीन आणि शहराची हद्द

जालना जिल्ह्यात ‘विस्तार’ हा शब्द सध्या फार चालतो. औद्योगिक वसाहतीचा विस्तार, समृद्धी महामार्गाच्या आधाराने शहराचा विस्तार. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात तर विस्तार हे शेतीचे ज्ञान शेतकऱ्यापर्यंत नेण्याच्या रोजच्या कामाचेच नाव. शाळेत मुले बीजगणिताच्या तासाला विस्तारसूत्रे पाठ करतात आणि विज्ञानाच्या तासाला प्रसरण शिकतात. हे सगळे अर्थ एकत्र ठेवून पाहिले की एक गोष्ट ठळक दिसते. ज्यांचा विस्ताराशी प्रत्यक्ष हाताने संबंध येतो, ती माणसे त्याच्यासाठी आधी सोय करून ठेवतात. शहरे आणि योजना वाढवताना मात्र आपण विस्तार आधी जाहीर करतो आणि सोय मागाहून शोधतो.

सळईपासून सुरुवात करू. जालन्यातले कारखाने भंगार वितळवून बिलेट ओततात आणि त्यातून टीएमटी सळई काढतात. ती बाजारात साधारण 12 मीटर लांबीची मिळते. तापमान एका अंशाने वाढले की पोलादाची लांबी लाखात सुमारे सव्वा भागाने वाढते. हिवाळ्यातली पहाट 12 अंश आणि उन्हाळ्यातली दुपार 42 अंश धरली, तर ही सळई 4 मिलिमीटरहून थोडी जास्त लांबते. काँक्रीटही जवळपास त्याच प्रमाणात वाढते, म्हणून तर दोघांचे एकत्र निभते. पण पुलाचा अख्खा गाळा लांबू लागला की त्याला जागा हवीच; त्यासाठी गाळ्याच्या टोकाला प्रसरण सांधा ठेवतात. पुलावर गाडीच्या चाकाखाली खट्ट वाजते ते तिथेच. काळ्या जमिनीचे प्रकरण याहून अवघड. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट गटातली खनिजे असतात. त्यांच्या थरांत पाणी शिरले की माती फुगते आणि उन्हाळ्यात सुकली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेताला ही उलथापालथ मानवते, घराच्या भिंतीला मात्र तडा जातो. म्हणून जाणता गवंडी काळी उपसून मुरूम लागेपर्यंत पाया खाली नेतो. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा मातीसाठी तळाशी घंटेसारखा फुगवटा असलेला पायाचा खांब विकसित केला. वरची माती फुगली तरी तो जागचा हलत नाही.

बियाण्याचा विस्तार वेगळा, कारण तिथे वस्तू फुगत नाही, खरोखर वाढते. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि 1998 चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. बियाणे वाढवण्याचे काम पायरीपायरीने चालते: पैदासकाराच्या थोड्या बियाण्यातून पायाभूत, पायाभूतमधून प्रमाणित, मग गावोगावच्या दुकानात. बीजोत्पादनाच्या प्लॉटभोवती ठरलेले विलगीकरण अंतर राखावे लागते. शेजारच्या वाणाचे पराग आले तर पिशव्या भरतील, पण वाण शुद्ध राहणार नाही.

यावर कोणी विचारील, विश्वाचे काय? 1929 मध्ये हबल यांच्या निरीक्षणांतून दीर्घिका जितक्या दूर तितक्या अधिक वेगाने लांब जात असल्याचे दिसले. या विस्तारासाठी बाहेर कुणी जागा राखलेली नाही. अवकाशच ताणले जाते. आक्षेप रास्त आहे. पण तिथे किंमत दुसऱ्या रूपात मोजावी लागते: द्रव्य तेवढेच आणि अवकाश जास्त, म्हणजे सरासरी घनता कमी. जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉईल यांच्यासोबत ज्या स्थिर स्थिती सिद्धांतावर काम केले, त्यात विस्तार होऊनही घनता कायम राहते; अट एकच, नवे द्रव्य सतत निर्माण व्हायला हवे. निरीक्षणांचा कौल पुढे महास्फोटाच्या बाजूने गेला, तरी ती अट मला फार मोलाची वाटते. जमिनीवरच्या कामालाही ती लागू पडते. एका कृषी सहायकाकडे आणखी गावे सोपवली की कागदावर विस्तार वाढतो, पण एकेका शेतकऱ्याच्या वाट्याचा वेळ घटतो. बीजगणितात तर (10 + 3) चा वर्ग उलगडून 100, 60 आणि 9 मांडले तरी उत्तर 169 च राहते.

आता शहर. 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा वेगळा झाला. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 2 लाख 85 हजारांवर होती आणि 2023 मध्ये नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. पाण्यासाठी निजामकाळातला घाणेवाडी जलाशय हा जुना आधार. 2012-13 च्या दुष्काळात तो कोरडा पडला, शहर टँकरवर आले आणि जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. त्यानंतर पैठणहून जायकवाडीचे पाणी आले. मागास भागाने पाणी मोजत बसू नये, आधी उद्योग येऊ द्यावेत, पैसा आला की पाणीही येईल, असे म्हणणारे बरेच आहेत. हाताला काम हवे, ही त्यांची तळमळ खरी आहे. पण जायकवाडीच्या त्याच नाथसागर जलाशयावर छत्रपती संभाजीनगर, तिथले कारखाने आणि कालव्याखालची शेती अवलंबून आहे. जलवाहिनीने पाण्याची पोच वाढते, धरणातले पाणी वाढत नाही. याउलट घाणेवाडी जलसंरक्षण मंचाच्या पुढाकाराने लोकांनी जलाशयातला गाळ उपसला आणि शेतकऱ्यांनी तो शेतात नेऊन टाकला, तेव्हा हद्द तसूभरही न हलता साठवण खरोखर वाढली. गाळ दर पावसाळ्यात पुन्हा येतो. म्हणून हा उपसा लोकवर्गणीवर न सोडता महापालिकेच्या दरवर्षीच्या अंदाजपत्रकात बसला पाहिजे, आणि नव्या वसाहतीला मंजुरी देताना तिच्यासाठी पाणी कोणत्या साठ्यातून आणि किती येणार हा आकडा आराखड्यातच लिहिला गेला पाहिजे.