आरोप आणि अपराध

पुण्याच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्यांत, कासारसाई हें धरणाकांठचें गांव आहे. अशा गांवांत माणसें एकमेकांस केवळ नांवानें नव्हे, तर घराण्यानें आणि शेताच्या बांधानें ओळखतात. समजा, अशा एखाद्या गांवांतील माणसास पोलिसांनीं चोरीच्या संशयावरून चौकशीस नेलें आणि दुसऱ्या दिवशीं वृत्तपत्रांत ‘चोर सांपडला’ असा ठळक मथळा आला. नांव छापलें नाहीं, पण गांव, वय आणि धंदा छापला, तर तें नांव छापल्यासारखेंच होय. पुढें दोन वर्षांनीं तो निर्दोष सुटला, तर ती बातमी आंतल्या पानावरील चार ओळींत मावते. पहिला मथळा मात्र मुलीच्या लग्नाच्या बोलणीपर्यंत त्याचा पिच्छा पुरवितो. न्यायालयानें ज्याला सोडलें, त्याला गांवानें केव्हांच शिक्षा दिलेली असते.

गुन्हा शाबीत होईपर्यंत आरोपी निर्दोष समजावा, हें न्यायशास्त्राचें तत्त्व सुशिक्षित घरांत सर्वांच्या तोंडीं असतें. परंतु त्याचा अर्थ आरोपीविषयीं ममत्व बाळगावें असा नव्हे. पुरावा देण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर आहे, आणि वाजवी संशयास जागा उरली तर तिचा फायदा आरोपीस मिळावा, एवढाच त्याचा आशय आहे. सरकारापाशीं पोलीस, तुरुंग आणि खजिना असतो. आरोपीपाशीं बहुधा एक वकील आणि घरचीं माणसें. ही विषमता थोडी तरी भरून निघावी, हा या तत्त्वाचा हेतु.

म्हणून बातमी वाचतांना शब्दांचा भेद ध्यानांत ठेवणें अगत्याचें आहे. अटक झाली म्हणजे गुन्हा शाबीत झाला, असें नव्हे. आरोपपत्र हें तपास करणाऱ्यांचें म्हणणें आहे, न्यायालयाचा निर्णय नव्हे. ‘आरोपीनें कबुली दिली’ हें वाक्य तर सर्वांत फसवें. पोलीस अधिकाऱ्यापुढें दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करतां येत नाहीं, असें १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें ठरविलें. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेंही तोच नियम राखला आहे. अशा कबुलीमुळें एखादी वस्तु हातीं लागली, तर तिच्यापुरताच भाग ग्राह्य ठरतो. दडपणाखालीं माणूस न केलेलेंही कबूल करतो, हा अनुभव या नियमामागें आहे. छायाचित्राचीही तीच गोष्ट. ओळखपरेडीपूर्वींच संशयिताचा चेहरा घरोघर पोंचला, तर साक्षीदार गुन्हेगारास ओळखतो कीं छायाचित्रास, हें कसें ठरवावें?

वृत्तपत्रांचा अतिरेक नेहमीं आरोपीच्या विरुद्धच जातो असेंही नाहीं. २७ एप्रिल १९५९ रोजीं नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांच्या पिस्तुलाच्या गोळ्यांनीं मुंबईंत प्रेम आहुजा यांचा मृत्यु झाला. आहुजा यांचे नानावटींच्या पत्नीशीं संबंध होते. ‘ब्लिट्झ’ या साप्ताहिकानें उघडपणें नानावटींचा कैवार घेतला. त्याचा चार आण्यांचा अंक दोन रुपयांपर्यंत विकला गेला, असें सांगण्यांत येतें. ज्यूरीनें आठ विरुद्ध एक मतानें नानावटींस निर्दोष ठरविलें. सेशन्स न्यायाधीशांना तो कौल मान्य झाला नाहीं. त्यांनीं प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविलें. तेथें ज्यूरीस केलेल्या मार्गदर्शनांतील चुका दाखवून पुराव्याची फेरतपासणी झाली आणि १९६० सालीं जन्मठेपेची शिक्षा झाली. २४ नोव्हेंबर १९६१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली. १९६४ सालीं नानावटींस माफी मिळाली. या खटल्यामुळेंच ज्यूरी बंद झाली, हा समज अपुरा आहे. विधि आयोगानें १९५८ सालींच तशी शिफारस केली होती. बोध निराळाच आहे. आरोपीस वकील मिळाला, तीन न्यायालयें मिळालीं; परंतु सार्वजनिक चर्चेंत ज्याला दोषी ठरविण्यांत आलें, त्या मृत माणसास आपली बाजू मांडण्याची सोयच नव्हती.

पुढें वृत्तपत्राच्या जोडीस दूरचित्रवाणी आली. अभिनेते सुशांतसिंह राजपूत यांच्या २०२० मधील मृत्यूनंतर वाहिन्यांवर जणुं रोज खटला चालला. त्यासंबंधींच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयानें १८ जानेवारी २०२१ रोजीं निर्णय दिला. चालू तपासाच्या काळांत वाहिन्यांनीं समांतर खटला चालविणें न्यायदानास बाधक आहे. आरोपीच्या चारित्र्याविषयीं पूर्वग्रह निर्माण करूं नये आणि पोलिसांपुढील कबुली हा जणुं ग्राह्य पुरावाच आहे, असें भासवूं नये, असें त्यांत बजावलें आहे.

तथापि वृत्तपत्रांनीं गप्प बसावें, असा याचा अर्थ नाहीं. तपासांतील दिरंगाई, कोठडींतील जुलूम, बड्यांस पाठीशीं घालणें, हें उघडकीस आणणें हें त्यांचें कर्तव्यच आहे. मात्र प्रश्न विचारणें निराळें आणि निकाल देणें निराळें. जो मथळा पहिल्या पानावर आरोप छापतो, त्यानें सुटकेची बातमीही तेथेंच छापावी, एवढी अपेक्षा न्याय्य आहे. आणि वाचकाचेंही कांहीं कर्तव्य आहेच. जोंपर्यंत न्यायालयाचा निर्णय झाला नाहीं, तोंपर्यंत पारावर किंवा दिवाणखान्यांत ‘त्यानेंच केलें’ असें म्हणण्याऐवजीं ‘त्याच्यावर आरोप आहे’ असें म्हणावें. एका शब्दाचा हा फरक. पण गांवाकडे परतणाऱ्या निरपराध माणसास त्याच फरकामुळें घराचें दार उघडें सांपडतें.